मिस हेस्टरची चारशे बारा पानं

"ही चोरीची गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही," बार्नबी स्केरिट म्हणाला, "आणि मानलीत, तर तुमच्या अकलेबद्दल माझं मत वाईट होईल."

नेदर ऑलकोटच्या 'लंगडं बदक' पबात दुपारचे दोन वाजले होते. बर्मिंगहॅमहून मासे धरायला आलेले तिघेजण नदीवर कंटाळून आत येऊन बसले होते, आणि बार्नबीला असली गिऱ्हाइकं लांबून वासाने कळायची. अडतीस वर्षं तो ऑलकोट हॉलमध्ये बटलर होता. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हापासून त्याचा एकच उद्योग उरला होता. परक्या माणसाला गोष्ट सांगायची, प्रकरणाला एक ग्लास या दराने.

मालकीण मिसेस टपरने ही गोष्ट चाळीसदा तरी ऐकली होती. ती काही बोलायची नाही, ग्लास पुसत राहायची. खपणारी बिअर कोणती बाई अडवेल? कोपऱ्यात आज एक नवं माणूस होतं, म्हणजे पबाला नवं. ओबेड फ्लॅक, सव्वीस वर्षं गावच्या स्टेशनचा मास्तर. गेल्या शनिवारीच त्याने टोपी खुंटीला लावली होती, आणि भरदुपारी बाकावर बसायची त्याच्या पाठीला अजून सवय नव्हती.

"चोरी कसली?" एका मासेवाल्याने विचारलं.

"एका घराण्याची," बार्नबी म्हणाला. "अख्खं घराणं चोरीला गेलं, आणि घराण्यातलं प्रत्येक माणूस जेवणाच्या टेबलावर जागच्या जागी बसलेलं होतं."

एवढं बोलून त्याने रिकामा ग्लास उलटा करून पाहिला. मिसेस टपर उठली.

२

तर ऑलकोट हॉलमध्ये थ्रिपलो राहायचे. चारशे वर्षं राहत होते, आणि त्यातली निदान तीनशे त्यांना कोणी वेडं म्हटलं नव्हतं, कारण आसपास तुलनेला दुसरं कुटुंब नव्हतं.

थोरले सर ऑगस्टस. आपलं घर दरवर्षी जवाच्या दाण्याएवढं पूर्वेकडे सरकतंय, अशी त्यांची खात्री होती. रोज सकाळी न्याहारीआधी ते जुन्या ओकपासून पुढच्या दारापर्यंत अंतर मोजायचे. घर समुद्रात कधी पडणार याचा हिशेब त्यांनी करून ठेवला होता, आणि वारसांना पोहायला शिकवा असं मृत्युपत्रात लिहिलं होतं. वारस नव्हते, ती गोष्ट वेगळी.

दुसरे कथबर्ट. सर ऑगस्टस यांच्याशी ते एकोणीसशे अकरापासून बोलत नव्हते. क्रिकेटच्या एका सामन्यात भाऊ पंच होता आणि त्याने बोट वर केलं, एवढंच. पण दोघं रोज एकाच टेबलावर जेवायचे, आणि मध्ये बटलर.

"स्केरिट, माझ्या भावाला सांग, मीठ त्याच्या कोपराशी आहे."

"साहेब, मीठ तुमच्या कोपराशी आहे."

"स्केरिट, माझ्या भावाला सांग, मला डोळे आहेत."

वीस वर्षं असं चाललं होतं. मीठ कधी सरकलं नाही. तिसऱ्या खुर्चीवर गळ्याला नॅपकिन बांधून 'बिशप' नावाचा बुलडॉग जेवायचा, आणि सगळ्यांत नीट तोच जेवायचा.

चौथ्या खुर्चीवर लेटीसआत्या. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या जॅम करायच्या.

आणि मिस हेस्टर. धाकटा भाऊ आणि भावजय तापात गेल्यावर त्यांची ही नऊ वर्षांची मुलगी एक पेटी घेऊन इथे आली. घरात तिचं काम काय, हे कोणी ठरवलं नव्हतं, म्हणून सगळंच तिचं होतं. बिशपला अंघोळ, ऑगस्टसकाकांची मोजायची साखळी धरणं, कथबर्टकाकांना वर्तमानपत्र वाचून दाखवणं. असं करता करता ती पस्तीस वर्षांची झाली. आणि सहा वर्षं, चादरींच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर बसून, तिने या घरावर एक कादंबरी लिहिली. हसवणारी.

लंडनच्या एका प्रकाशकाने पहिली तीन प्रकरणं वाचून पत्र पाठवलं. उरलेलं शुक्रवारपर्यंत आमच्या हातात पडू दे. शिवाय आमच्या कचेरीत हस्तलिखितं वाचायला एक जागा रिकामी आहे, येत असाल तर कळवा. शुक्रवारनंतर यादी बंद होणार होती आणि जागाही दुसऱ्याला जाणार होती. तो शुक्रवार चुकला तर मिस हेस्टर या घरात म्हातारी होणार, हे तिला कळत होतं. बटलरलाही.

मंगळवारी सकाळी बटलर चमचे घासत बसला होता. मिस हेस्टर दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा धुतलेल्या बशीसारखा कोरा होता.

"स्केरिट, हॅटच्या खोक्यात चारशे बारा पानं होती."

"होय मिस."

"आता एक आहे."

३

"एकच का ठेवलं?" मासेवाल्याने ग्लास पुढे सरकवत विचारलं.

"तेच तर," बार्नबी म्हणाला. "चोर सगळं नेतो किंवा काही नेत नाही. एक पान मागे ठेवणारा चोर काहीतरी सांगत असतो."

ते पान पात्रांच्या यादीचं होतं. नावं बदललेली, पण आंधळ्यालाही ओळखू यावीत अशी. घर मोजणारा सरदार. न बोलणारा भाऊ. निरोप पोचवणारा बटलर. बुलडॉग. दिवाणखान्यातलं पेंढा भरलेलं अस्वलसुद्धा, ज्याच्या पंजावर पाहुणे टोप्या अडकवायचे.

"दुसरी प्रत?" बटलरने विचारलं.

"नाही. लंडनला पाठवली ती तीन प्रकरणं तेवढी नकलून काढली होती."

"मिस, घरात कोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही. सगळ्यांची टिंगल केली आहे मी, स्केरिट. वाचली असती तर मला घराबाहेर काढलं असतं."

बटलरने घासलेला चमचा पुन्हा घासायला घेतला. मार्चमध्येच त्याने ती चादरी मोजायच्या निमित्ताने वाचून काढली होती, आणि निरोपांच्या प्रकरणाला इतका हसला होता की तोंडात टॉवेल कोंबावा लागला. पण मालकिणीच्या कागदांत डोकावलो असं बटलर कसं सांगणार?

"या यादीत लेटीसआत्या नाहीत, मिस."

"त्यांना मी घेतलंच नाही," मिस हेस्टर म्हणाली. "तीनदा लिहून पाहिलं. त्यांच्यावर हसणं मला जमेना. मी इथे आले त्या रात्री त्या माझ्या पलंगाशी खुर्ची टाकून बसल्या, सकाळपर्यंत. एक अक्षर बोलल्या नाहीत. त्याचा विनोद कसा करायचा?"

मग तिने बटलरची बाही धरली. थ्रिपलोंपैकी कोणी नोकराला हात लावल्याचं त्याने तेहतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत शोध, स्केरिट. मला इथून जायचंय."

४

सर ऑगस्टस हिरवळीवर गुडघे टेकून बसले होते.

"कागद? कसले कागद? मला काही माहीत नाही. आणि मी दोरीने मोजत नाही, स्केरिट! बावीस वर्षं साखळी वापरतोय. दोरी ओली झाली की आकसते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पान अडुसष्ट!"

"म्हणजे साहेबांनी वाचली?"

"दुसऱ्याचे कागद? मी?" सर ऑगस्टस लाल झाले. मग कोटाच्या खिशातून त्यांनी एक आकृती काढली, शाईने आखलेली, बाण दाखवलेली. "ही छापणाऱ्याकडे पाठवणार होतो. घर, ओक आणि समुद्र. प्रकरण चारला जोडा म्हणावं. फुकट देतोय."

कथबर्ट काचघरात होते. जेवणाच्या टेबलावर मुका असणारा हा माणूस काकड्यांमध्ये उभा राहिला की थांबायचा नाही.

"माझ्या भावाला चव्वेचाळीस पानं, आणि मला अकरा! मोजली मी. त्यातही दीड पान त्या कुत्र्याने खाल्लंय. तो सामना मात्र पोरीने अगदी बरोबर लिहिलाय. चेंडू पायाला लागलाच नव्हता."

"राग आला असेल साहेबांना."

"राग? अरे, दुसऱ्या आवृत्तीत पानं वाढवून घेणार होतो!"

"मग मिस हेस्टरना सांगितलंत का?"

"काय?"

"की आवडली म्हणून."

चर्चमध्ये कपडे काढ म्हटल्यासारखं कथबर्टनी त्याच्याकडे पाहिलं. "तोंडावर? स्केरिट, आपण काही फ्रेंच नाही."

म्हणजे दोन संशयित होते, दोघांनी चोरून वाचलेली, आणि दोघांना ती छापून यायला हवी होती. दोघांच्याही हातून एक पान फाटलं नसतं. आणि त्या दोघांपैकी एकानेही तिला एक शब्द सांगितला नव्हता, म्हणून ती इतके दिवस खोकं लपवत बसली होती.

उरल्या लेटीसआत्या. जॅमच्या खोलीत त्या लेबलं चिकटवत होत्या. निळ्या आंबट आलुबुखारांचा मोसम होता; सोमवारी दिवसभर चूल पेटलेली होती आणि फळ्यांवर एकशे साठ बरण्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या तोंडावर चौकड्यांचं फडकं आणि दोरा. बुधवारच्या चर्चच्या सुगीच्या जत्रेत त्या दरवर्षी विकल्या जायच्या. आत्याबाईंची बोटं मनगटापर्यंत जांभळी झाली होती.

"हेस्टरचं काहीतरी हरवलंय म्हणे," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"कादंबरी, मॅडम. तुम्ही वाचली होती?"

"माझ्याबद्दल त्यात वाचण्यासारखं काय असणार?"

बटलरला वाटलं, बाई विनयाने बोलतायत. तो वळला, आणि तेवढ्यात दाराशी बिशप दिसला. कुत्र्याच्या जबड्यातून कागदाचा एक तुकडा लोंबत होता. तुकड्यावर मिस हेस्टरचं अक्षर होतं.

५

"कुत्रा!" तिघे मासेवाले एकदम ओरडले.

"सगळं घर तेच म्हणालं," बार्नबीने शांतपणे फेस पुसला. "सर ऑगस्टस यांनी निरोप दिला, माझ्या भावाला सांग त्याच्या कुत्र्याने घराण्याचा इतिहास गिळला. भावाने निरोप दिला, घराण्याच्या इतिहासात गिळण्यासारखं तेवढंच होतं. मिस हेस्टर मात्र तो तुकडा हातात धरून जिन्यावर बसली होती, आणि बुधवार उजाडला होता."

कोपऱ्यातून ओबेड पहिल्यांदा बोलला. "बुधवारी हवा चांगली होती. एवढं तरी खरं."

"आभारी आहे, मास्तर," बार्नबी म्हणाला. मासेवाले हसले.

बटलरने तो तुकडा मागून घेतला आणि खिडकीशी नेला. कुत्र्याच्या दातांनी कागद फाटला तर कड केसाळ होते. हा पानाचा कोपरा होता. दोन कडा सरळ होत्या, आणि तिसरी आतल्या बाजूला वळलेली, एकाच दमात कात्रीने कापलेली कमान. बुलडॉगला पुष्कळ गोष्टी येतात. कात्री धरता येत नाही.

कोपरा उरला, आतून कमान गेली. म्हणजे कोणीतरी पानातून गोल कापून घेतला होता, आणि बिशपने उचललं ते कचऱ्यातलं कात्रण. सप्टेंबरात घराघरांत कागदाचे गोल कशासाठी कापतात, हे त्या मुलखात कोणाला विचारावं लागत नाही. जॅमला बुरशी येऊ नये म्हणून ब्रँडीत बुडवलेली चकती आत बसवतात, मग वर फडकं बांधतात. दरवर्षी आत्याबाई त्या चकत्या चर्चच्या जुन्या मासिकांतून कापायच्या. बटलर कोठीत गेला. मासिकांचा गठ्ठा होता तसा होता, वर धूळ. त्याने रिकामी बरणी घेतली आणि तिचं तोंड तुकड्याच्या कमानीला लावून पाहिलं.

केसाएवढाही फरक नव्हता.

तो गुडघ्यांची पर्वा न करता चर्चच्या मैदानाकडे धावला. तेव्हा त्याला धावता यायचं. जॅमच्या टेबलाशी पाद्रीबाई पेटी आवरत होत्या.

"यंदा अकरालाच संपला, स्केरिट! तीन गावांत गेला. एक उरलीय, तिला जरा तडा आहे."

त्याने दोरा तोडला, फडकं काढलं. चकती होती. मिस हेस्टरचा कागद, तिच्याच रेघा. पण ब्रँडीने शाई विरघळून खाली उतरली होती, आणि चकतीवर एक फिकट जांभळा डाग उरला होता. त्याने ती उजेडाकडे धरली. एक शब्दही लागत नव्हता. जे काही होतं, ते जॅममध्ये गेलं होतं.

६

लेटीसआत्या कढई घासत होत्या. बटलरने चकती टेबलावर ठेवली.

त्यांनी ती पाहिली, हात पुसले आणि स्टुलावर बसल्या. "बाकीची पानं चुलीत गेली," त्या म्हणाल्या. "कढईखाली. जॅमला सारखी आच लागते."

"यादीचं पान तुम्ही ठेवलंत, मॅडम."

"त्यात अस्वल होतं," आत्याबाई म्हणाल्या. "कुत्रा होता. तूही होतास. मी दोनदा वाचली, चष्मा पुसून. चाळीस वर्षं या टेबलावर जेवले, आणि ज्या पोरीला मी वाढवलं तिला मी दिसले नाही. मग मला वाटलं, बरोबरच आहे. मी असले काय, नसले काय. जॅमला तरी कागद लागतोच."

"तिला तुम्ही दिसला होतात, मॅडम. म्हणूनच घेतलं नाही. सगळ्यांवर ती हसली, तुमच्यावर हसायला तिचा हात चालला नाही. तुम्ही पलंगाशी खुर्ची टाकून बसला होतात, ते तिने तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा टाकलं."

आत्याबाईंनी ती चकती जांभळ्या बोटांनी स्वतःकडे ओढली.

"हे तिने मला सांगायचं," त्या म्हणाल्या.

"होय मॅडम."

"आणि मी तिला विचारायचं."

"होय मॅडम."

"पण या घरात असं कोणी करत नाही, स्केरिट."

"नाही, मॅडम."

७

पबात मिसेस टपरने न मागता चौथा ग्लास आणून ठेवला, आणि ठेवताना बार्नबीकडे पाहिलं नाही. म्हाताऱ्याने तो उचलला, पण तोंडाला लावला नाही.

"मग पोरीचं काय झालं?" मासेवाल्यांपैकी सगळ्यात तरुण होता त्याने विचारलं. "शुक्रवार तर गेला."

"गेला तर गेला!" बार्नबीचा आवाज चढला, जुना रंग परत आला. "थ्रिपलोंचं रक्त होतं ते. आत्याबाई स्वतः तिच्या खोलीत गेल्या, आणि त्या घरात चारशे वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी कोणाची माफी मागितली. मिस हेस्टर रडली, मग हसली, मग शाईची दौत मागवली. सात आठवडे ती त्या इस्त्रीच्या टेबलावरून उठली नाही. सगळी कादंबरी आठवून पुन्हा लिहिली, आणि या वेळी आत्याबाई पहिल्याच पानावर! काका खोलीबाहेर उभे राहून आठवण करून द्यायचे. एक ओरडायचा साखळी, दुसरा ओरडायचा अकरा पानं. लंडनचा प्रकाशक थांबला. का नाही थांबणार? पुस्तकासाठी थांबला, आणि जागाही ठेवली.

"नोव्हेंबरातली सकाळ. अकरा वीसची गाडी. मिस हेस्टरच्या डोक्यावर हिरवी हॅट, काखेत हस्तलिखित, निळ्या फितीत बांधलेलं. सगळं घर फलाटावर, बिशपसुद्धा. बॅग तिने कोणाला उचलू दिली नाही. स्वतः उचलली, स्वतः डब्यात चढली. गाडी हलली तसे सर ऑगस्टस रडायला लागले, आणि कथबर्ट म्हणाले, 'पुरे कर, गाढवा.' थेट भावाला! मध्ये बटलर नाही! एकोणीसशे अकरानंतरचे पहिले शब्द, आणि ती वाफेत हात हलवत, लहान लहान होत..."

मासेवाल्यांनी टेबलं बडवली. एकाने टोपी उडवली. "खोटं असेल तरी चालेल, म्हातारबा!"

"चालणार नाही," ओबेड फ्लॅक म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. स्टेशनमास्तरचा कोट अंगावर नव्हता, तरी बटणं लावल्यासारखे त्याचे हात छातीवरून फिरले.

"त्या फलाटावर सव्वीस वर्षं मी उभा होतो, बार्नबी. मिस हेस्टर एकदाच आली, त्याच आठवड्यातल्या शनिवारी. हॅट तपकिरी होती. कागद एकही नव्हता. म्हणाली, कागद नसले तरी ती जागा मागून बघते, मास्तर. लंडनचं तिकीट मी स्वतः दिलं. गाडीला चार मिनिटं होती तेव्हा तू घोडागाडी घेऊन आलास. आत्याबाई जॅमच्या खोलीत पडल्यात, तोंड वाकडं झालंय, वाचा गेलीय, असं तू तिला सांगितलंस, मी ऐकलं. ती कितीतरी वेळ बाकावरून उठलीच नाही. गाडी आली. मी शिट्टी जरा उशिरा वाजवली, तेवढंच माझ्या हातात होतं. आज सात वर्षं ती आत्याबाईंच्या चाकांच्या खुर्चीमागे चालतेय, काल चर्चमधून येताना मला दिसली, केस पांढरे झालेत. आणि बॅग तिने उचलली नव्हती, बार्नबी. बॅग तू उचललीस."